काचेतले शहर आणि परीक्षकांचे शहाणपण

महाराष्ट्रातल्या मुलांनी आजवर जितकी शहरे वसवली असतील तितकी जगातल्या कोणत्याही सम्राटाने वसवली नसतील. दर वर्षी वसुबारसेच्या आधी चार-आठ दिवस ही शहरे वसू लागतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पावसाच्या एखाद्या सरीने, मांजराच्या एखाद्या उडीने किंवा आईच्या झाडूने उद्ध्वस्त होतात. त्यांचा इतिहास कुणी लिहीत नाही. आपण त्यांना 'किल्ले' म्हणतो म्हणून ती शहरे आहेत हे आपल्या ध्यानात येत नाही, इतकेच. पण अंगणातला तो मातीचा ढीग नीट पाहा. वर महाराज सिंहासनावर आहेत हे खरे. खाली मात्र विहीर आहे, बाजार आहे, शेत आहे, पाणी भरणारी बाई आहे, देऊळ आहे आणि पुष्कळदा एस. टी.चा थांबाही आहे. तेवढ्या हातभर जागेत एक सबंध नगर नांदत असते, आणि त्याचा नगररचनाकार सातवीत शिकत असतो.

हे सारे मला गेल्या वर्षी कळायला हवे होते. कळले नाही, म्हणून हा लेख.

गेल्या दिवाळीत नगरच्या सावेडी भागातल्या एका मंडळाने किल्ल्यांची स्पर्धा ठेवली होती. तीन परीक्षकांपैकी मी एक होतो. आम्ही दारोदार फिरून किल्ले पाहत होतो, गुण देत होतो, चकली-करंजी खात होतो. एका घरी अंगणात काहीच दिसेना. आम्ही परत फिरणार, तोच एक मुलगा धावत आला आणि म्हणाला, "आजोबा, माझा आत आहे." आत जाऊन पाहतो तो टेबलावर काँप्युटर, आणि त्याच्या काचेत एक शहर. नदी, पूल, बाजारपेठ, कारखाने, रस्त्यांवरून धावणाऱ्या मुंगीएवढ्या गाड्या. शहराचे नाव त्याने सीनापूर ठेवले होते. मुलगा उत्साहाने सांगू लागला, "आधी काय झालं ना, सगळी माणसं आजारी पडली..." पण आमच्यातल्या एकाने घड्याळ पाहिले. दुसऱ्याने "छान हो, छान" म्हणून त्याच्या डोक्यावर थोपटले. आणि मी, तिसऱ्याने, तक्त्यात त्याच्या नावापुढे स्वहस्ते शेरा लिहिला: 'परंपरेशी विसंगत. विचारात घेऊ नये.'

पहिले बक्षीस ज्या किल्ल्याला मिळाले तो बाजारातून आणलेला होता. प्लास्टरचा, तीन भाग एकमेकांत अडकवले की उभा राहणारा. त्यावर दिव्यांची माळ होती, बुरुजामागून धूर निघत होता आणि ध्वनिक्षेपकावर पोवाडा चालू होता. मी त्या मुलाला विचारले, "बाळ, या दरवाजाचे नाव काय?" त्याने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी दुकानाच्या खोक्याकडे पाहिले. तरीही आम्ही बक्षीस दिले. कारण तो 'किल्ला' होता, परंपरेशी सुसंगत होता, आणि शिवाय दिसायला झकास होता.

त्या तक्त्यावरची माझी सही मी आज जाहीरपणे मागे घेत आहे. एवढे करून थांबलो असतो तर तो केवळ एका म्हाताऱ्याचा पश्चात्ताप झाला असता. पण त्या सहीमागचे जे शहाणपण आहे ते माझ्या एकट्याचे नाही. घरोघरी ते नांदते आहे, आणि त्याच्याशी मला चार शब्द भांडायचे आहे.

हे शहाणपण म्हणते की मातीचा किल्ला म्हणजे संस्कार आणि काचेतले शहर म्हणजे वेळेचा अपव्यय. बरे, मग परंपरा म्हणजे नेमके काय, हे एकदा पाहू. आम्ही लहानपणी किल्ला करीत असू तेव्हा सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की पहिले काम मातीचे. माती आणायची, विटांचे तुकडे आणि दगड रचायचे, त्यावर गोणपाट चिखलात बुचकळून पसरायचे, की डोंगराला सुरकुत्या आपोआप पडत. मग हळीव पेरायचे. चार-पाच दिवसांत हिरवे कोंब वर येत आणि डोंगराला रान फुटे. कुंभाराकडून मावळे आणायचे. त्यांत पैसे पुरले नाहीत म्हणून एखादा वाण्याचा पुतळाच मावळा होई. वाघ हत्तीपेक्षा मोठा असे, आणि गवळण दरवाजापेक्षा उंच. ती आत कशी जात असेल हा प्रश्न कुणाला पडत नसे. सलाईनची नळी मिळाली तर कारंजे. आरशाचा तुकडा मिळाला तर तळे.

आता मला सांगा, यात इतिहास किती आणि कल्पना किती? रायगडाच्या पायथ्याशी एस. टी. उभी करणाऱ्या मुलाला कोणत्याही परीक्षकाने कधी 'विसंगत' म्हटले आहे काय? आमच्या किल्ल्यांपैकी निम्म्यांना तर नावच नसे, कारण तो कोणताच किल्ला नसे; तो आमचा किल्ला असे. परंपरा होती ती या करण्याची: हातात काही नसताना जग उभे करण्याची, पाणी कोठून आणायचे आणि दरवाजा कोणत्या तोंडाने ठेवायचा याचा विचार करण्याची, ढासळले की पुन्हा लिंपण्याची. आकार हे तिचे टरफल. आम्ही परीक्षकांनी टरफलाला बक्षीस दिले आणि गर दाराबाहेर टाकला.

आणि हे जग लहान करून मांडण्याचे वेड काही शिवकालापासूनचेच नव्हे. आपल्याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा उभा माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. त्यांतल्या काहींना चाके आहेत. त्या कशासाठी घडवल्या यावर पंडितांनी वाद घालावा. मला एवढेच दिसते की, आपल्या भोवतीचे चालते-बोलते जग हातात मावेल एवढे करून पाहण्याची हौस या मातीत फार जुनी आहे. सातवीतल्या मुलाने ती काचेत आणली, तर ती परकी कशी झाली?

आता त्या काचेतल्या शहराविषयी. सही केल्यावर काही महिन्यांनी, उशिरा का होईना, मी त्याची माहिती काढली. या खेळाची जन्मकथाच बोलकी आहे. विल राइट नावाचा अमेरिकन मनुष्य १९८४ च्या सुमारास एक बाँबफेकीचा खेळ तयार करीत होता. हेलिकॉप्टरने जायचे आणि बेटांवरचे कारखाने उडवायचे, असा तो खेळ. त्यासाठी बेटांचे नकाशे बनवता बनवता त्याला उमगले की, ती बेटे उडवण्यापेक्षा ती वसवण्यातच आपल्याला अधिक गंमत वाटते आहे. त्यातून १९८९ साली 'सिमसिटी' हा खेळ निघाला. खेळ म्हटला की शत्रू हवा, मारामारी हवी, शेवटी कुणीतरी जिंकायला हवे, अशी जी समजूत होती ती या खेळाने मोडली. इथे शत्रू नाही आणि शेवटही नाही. आहे ते फक्त शहर आणि त्याच्या अडचणी. पुढे २०१५ साली फिनलंडमधल्या एका छोट्या मंडळीने 'सिटीज: स्कायलाइन्स' काढला. आमच्या मुलाचे सीनापूर त्यातलेच.

या खेळात काय असते? आरंभी मोकळी जमीन, एखादी नदी आणि थोडे भांडवल. रस्ता काढायचा, त्याच्या कडेला घरे कोठे, दुकाने कोठे, कारखाने कोठे हे आखून द्यायचे. माणसे आपल्या पायाने राहायला येतात आणि आवडले नाही तर आपल्या पायाने निघून जातात. वीज हवी, पाणी हवे, कचरा उचलायला हवा, कर बसवायला हवा. एकच मोठा चौक ठेवून सगळी रहदारी त्यातून नेली, की बंब अडकतो आणि इकडे घर जळते. धरण भलत्या जागी बांधले तर पाणी मागे फुगून वस्तीत शिरते. आणि नवशिक्याची ठरलेली चूक कोणती? नदीतून पिण्याचे पाणी उचलणारा पंप तो खालच्या अंगाला बसवतो आणि सांडपाण्याची मोरी वरच्या अंगाला सोडतो. नदी वाहत असते. थोड्याच वेळात सबंध शहर आजारी पडते.

"आधी काय झालं ना, सगळी माणसं आजारी पडली..." मुलगा हेच सांगत होता! आम्ही ऐकून घेतले असते तर तो पुढे म्हणाला असता की, मग मी नदी कोणत्या दिशेने वाहते ते पाहिले आणि मोरी खाली नेली. नदीच्या वरच्या अंगाला घाण सोडू नये, हा धडा त्या पोराने दोन तासांत, शहर आजारी पाडून आणि पुन्हा बरे करून घेतला. आपण मोठ्या माणसांनी सीनेचे काय केले आहे, ते पुलावरून जाताना ज्याचे त्याचे नाक सांगते. आणि त्या मुलाची परीक्षा घ्यायला आम्ही गेलो होतो!

मात्र वाचकहो, मी आता काचेतल्या शहराचा भाट झालो आहे असे समजू नका. त्याच्याशीही माझे भांडण आहे, आणि ते मुलांनी ऐकावे अशी इच्छा आहे. त्या शहरात माती नखात जात नाही. ढासळलेले लिंपावे लागत नाही. कळ दाबली की मागचे सारे जसेच्या तसे परत येते. एखादी वस्ती नको झाली तर बुलडोझरचे चित्र तिच्यावर फिरवायचे. कुणी दारात आडवे होत नाही, कुणी 'आम्ही कुठे जाऊ' असे विचारीत नाही. आपण आकाशातून पाहत असतो, आणि आकाशातून सगळीच माणसे मुंगीएवढी दिसतात. शिवाय 'अमर्याद पैसा' अशी एक कळ त्या खेळातच दिलेली आहे. ती दाबली की खेळ संपतो आणि प्रदर्शन सुरू होते. मग पाणी, कर, कचरा यांचा हिशेब उरत नाही. उरते ते केवळ सुंदर दिसणे. कित्येक हौशी मंडळी अशी शहरे सजवून, त्यांची संध्याकाळच्या उजेडातली चित्रे काढून जगाला दाखवतात. चित्रे मोठी देखणी असतात. पण त्यात राहायला जावेसे वाटेल अशी किती?

या प्रदर्शनाची हद्द कोठवर जाते याचे एक उदाहरण मुद्दाम सांगण्यासारखे आहे. फिलिपिन्समधल्या विन्सेंट ओकासला या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याने 'सिमसिटी'च्या पुढच्या एका आवृत्तीत काही वर्षे खपून, कागदावर गणिते मांडून एक शहर उभे केले, आणि २०१० साली ते जगाला दाखवले. नाव 'मॅग्नासांटी'. खेळात शक्य तेवढी लोकसंख्या त्याने त्या चौकोनात कोंबली होती: सुमारे ६० लाख. रस्तेच नाहीत, सारा प्रवास जमिनीखालून. नक्षी अशी रेखीव, की मंडलाचा भास व्हावा. आणि माणसे? ती पन्नाशीच्या आसपास मरत. पण बंड करीत नसत, कारण पोलीस सर्वत्र होते. आकड्यांच्या हिशेबात हे शहर 'जिंकले' होते. ओकासलाने ते आदर्श म्हणून नव्हे, तर इशारा म्हणून बांधले होते. नुसती संख्या आणि नुसती सुबकता यांच्या मागे लागले की काय होते, ते त्याने बांधूनच दाखवले. एखादा निबंध जे सांगू शकला नसता ते एका खेळाने सांगितले.

तेव्हा माझा वाद माती विरुद्ध काच असा नाहीच. राहण्याचे शहर आणि दाखवण्याचे शहर, असा तो वाद आहे. प्लास्टरचा किल्ला दाखवण्याचा. 'अमर्याद पैसा' दाबून सजवलेले शहर दाखवण्याचे. चिखलाचा किल्ला राहण्याचा. माणसे आजारी पाडून मग मोरी हलवणाऱ्या मुलाचे सीनापूरही राहण्याचे. परीक्षकाचे काम हा भेद ओळखण्याचे होते, आणि आम्ही ओळखले काय, तर मालमसाला!

कोणी म्हणेल, एका पोराच्या खेळावरून केवढा हा आटापिटा! मग थोडे आपल्या खऱ्या नगराकडे वळू. कारण हा भेद न ओळखण्याची किंमत शहरांना मोजावी लागते. १४९० मध्ये मलिक अहमदने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला आणि त्याच परिसरात, सीनेच्या काठी, आपले शहर वसवले. हा प्रदेश अवर्षणाचा. नदी म्हणावी तर पावसाळ्यापुरती. अशा जागी राजधानी वसवणे म्हणजे त्या खेळातला कठीण नकाशा निवडणेच होय. निजामशाहीतल्या लोकांनी काय केले? कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा आसपासच्या उंच भागांतून त्यांनी पाणी शोधले आणि जमिनीखालून खापरी नळ घालून ते उताराने शहरात, वाड्यांत, बागांत आणले. पंप नाही, वीज नाही; फक्त उताराचे अचूक ज्ञान. हे काम कुणाला दिसत नव्हते, कारण ते जमिनीखाली होते. पण त्याच्या जिवावर वरचे शहर शेकडो वर्षे जगले.

त्याच राजवटीने दाखवण्याचे शहरही बांधले. फराहबाग पाहा. तळ्याच्या मधोमध उभा केलेला महाल. तयार होत आलेली पहिली इमारत पसंत पडली नाही म्हणून ती पाडून पुन्हा बांधवली, अशी हकिकत सांगतात. आजचा महाल १५८३ साली पुरा झाला. त्यानंतर उण्यापुऱ्या तेरा वर्षांत मोगलांची फौज नगरच्या कोटाला भिडली. १५९६ साली सुरुंगाने तट फुटला तेव्हा चांदबिबी स्वतः उभी राहिली आणि रातोरात खिंडार बुजवून घेतले. त्या रात्री शहर वाचले ते तळ्यातल्या महालाने नव्हे. दगड-माती वाहणाऱ्या हातांनी वाचले. आज त्या तळ्याच्या जागी कोरडी जमीन आहे आणि महालाच्या कमानींतून वारा वाहतो. शहा डोंगरावरच्या ज्या तिमजली इमारतीला आपण सारे 'चांदबिबीचा महाल' म्हणतो तिथे चांदबिबी नाहीच; ती सलाबतखानाची कबर आहे. ज्या बाईने तट बांधला तिचे नाव लोकांनी जिल्ह्यातल्या सर्वांत ठळक वास्तूला देऊन टाकले. इतिहास चुकला, पण लोकांची दाद चुकली नाही.

आमच्या भुईकोट किल्ल्याला अनेक बुरूज आहेत. १९४२ च्या ऑगस्टपासून पंडित नेहरू तिथे कैदेत होते आणि १९४४ मध्ये त्यांनी तिथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे शाळेतली मुलेही सांगतात. त्यांना सहसा ठाऊक नसते ते असे, की लिहिण्याआधी नेहरूंनी तिथे हातात फावडे घेऊन बाग केली होती, आणि खणता खणता त्यांना जुन्या भिंतींचे, घुमटांच्या माथ्यांचे अवशेष लागत होते. खऱ्या शहराची जमीन अशी असते. तिथे मोकळा नकाशा कधीच मिळत नाही. कुठेही खणा, आधी कुणीतरी बांधून गेलेले असते. काचेतल्या शहराला हे कधीच जमणार नाही, आणि म्हणून काचेतले शहर वसवणाऱ्या प्रत्येक मुलाला एकदा तरी भुईकोटाच्या खंदकाकाठी उभे करावे.

आणि मग त्याला हिवरेबाजारला न्यावे. नगर तालुक्यातलेच गाव, दुष्काळी, एके काळी ओसाड पडत चाललेले. पोपटराव पवार सरपंच झाले, गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणले, बांध घातले, झाडे लावली. पण मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. तिथे पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला ते मोजायचे. पिण्याला किती, जनावरांना किती, जमिनीत किती मुरले याचा हिशेब करायचा. उरलेल्यावर यंदा कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. पाऊस कमी, तर पीकही कमी पाण्याचे. शेतीला बोअरचे पाणी नाही. 'अमर्याद' नावाची कळ तिथे कुणी बसवूनच घेतलेली नाही! सीनापूरच्या मुलाला हे गाव दाखवले तर तो पहिल्या पाच मिनिटांत ओळखेल की, ही मंडळी आपलाच खेळ खेळत आहेत, फक्त इथे 'पुन्हा पहिल्यापासून' म्हणता येत नाही. मला शंका आहे ती आम्हा मोठ्यांविषयी. आम्ही तिथे सहलीला जातो, हिरवळ पाहतो, चित्रे काढतो आणि परत येतो. वही कुणी पाहत नाही.

२०२४ साली आमच्या शहराला आणि जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव लाभले. त्यांचा जन्म १७२५ साली इथलाच, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. नावावर पुष्कळ बोलले गेले. मी वेगळेच सांगतो. या बाईंनी बांधले ते काय? घाट, विहिरी, धर्मशाळा, देवळे. आणि तीही बहुतेक आपल्या राज्याबाहेर, जिथे आपण राहणार नव्हतो आणि जिथून एक पैचा वसूल येणार नव्हता अशा ठिकाणी. अनोळखी वाटसरूच्या घशाला कोरड पडेल तिथे विहीर, म्हाताऱ्याचा पाय घसरेल तिथे पायऱ्या. नगररचनेचे याहून मोठे सूत्र मला तरी कुठल्या ग्रंथात आढळले नाही. असे नाव पाटीवर लावणे सोपे आहे. ते नाव लावलेल्या शहरात तरी किल्ल्याच्या स्पर्धेत धुराला आणि दिव्यांना बक्षीस देऊ नये, एवढी लाज आपण बाळगावी.

तेव्हा यंदा ज्या ज्या मंडळांनी स्पर्धा ठेवल्या आहेत त्यांना माझे सांगणे असे. विकतचा किल्ला स्पर्धेत घेऊ नका. हौसेने मांडू द्या, पण बक्षीस नको. वडील मंडळींनी फक्त माती आणून द्यावी आणि फराळाला बसावे. काचेतले शहर कुणी आणले तर त्यालाही त्याच ओळीत जागा द्या, अट एवढीच की पैशाची कळ दाबलेली नसावी. गुण द्यायच्या आधी परीक्षकाने उकिडवे बसावे, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर यावे आणि तीन प्रश्न विचारावेत. तुझ्या गावाला पाणी कोठून येते? घाण कोठे जाते? आणि सगळ्यांत गरीब माणूस कोठे राहतो? मातीचा किल्ला असो वा काचेचे शहर, ज्याला या तिन्हींची उत्तरे बोट ठेवून दाखवता येतील तो पहिला. मग त्याचा बुरूज वाकडा का असेना!

हे लिहिण्यापूर्वी मी त्या मुलाकडे जाऊन आलो. मनात होते की क्षमा मागावी. पण मुले आपल्यासारखा राग जपून ठेवीत नाहीत. तो सारे विसरला होता. सीनापूरही राहिले नव्हते. "ते मी काढून टाकलं, आजोबा. आता दुसरं करतोय, पाऊस कमी असलेलं." मी म्हटले, "अरे, असे शहर आपलेच आहे की. जुन्या काळी इथे जमिनीखालून नळ होते." त्याने लगेच खुर्ची माझ्याकडे वळवली. "कुठून कुठे? आपल्या घराखालून जात होते का?"

सत्तर पावसाळे या गावात काढलेला, तीन वर्षे किल्ल्यांचा परीक्षक असलेला मी गप्प बसलो. ते नळ कोणत्या गल्लीखालून, कोणत्या वाड्यात जात होते, मला ठाऊक नव्हते. आज नळाला येणारे पाणी मुळा धरणातून येते एवढे सांगता आले, त्यापुढे नाही. मीच नेमलेल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्यातच माझी दांडी उडाली.

मंडळाने यंदाही परीक्षक म्हणून बोलावले आहे. जाणार आहे. पण त्याआधी, भाऊबीज उरकली की एका सकाळी तो मुलगा आणि मी कापूरवाडीच्या बाजूला निघणार आहोत, नळांचा माग काढायला. त्याने वही घेतली आहे. मी काठी घेईन.